गाठीचा शेजार

मागच्या अंकात फुफ्फुसाच्या बायोप्सीचा रिपोर्ट कसा वाचायचा यावर लिहिलं होतं, तर पत्रांचा नुसता पाऊस पडलाय. त्यातली निम्मी एकाच जागी अडलीत, म्हणजे गाठ कॅन्सरची आहे हे कळलं, पण गाठीच्या आजूबाजूच्या पेशींबद्दल रिपोर्टात ज्या दोन ओळी असतात त्यांचं करायचं काय. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्या शेजाराबद्दलचेच घेतलेत. मी पॅथॉलॉजिस्ट, मला पेशंट भेटत नाही, त्याचा तुकडा भेटतो, त्यामुळे औषध कोणतं ते तुमच्या ऑन्कोलॉजिस्टलाच विचारा, मी काचेवर काय दिसतं ते सांगते.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, चाळीस वर्षं विड्या ओढल्या. फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. रिपोर्टात पीडी-एल-वन ६० टक्के आलाय आणि डॉक्टर म्हणतात इम्युनोथेरपी चांगली लागू पडेल. पण मेहुण्यांच्या ओळखीत एकांना ८० टक्के होतं आणि त्यांना काहीच फरक पडला नाही. मग हा टक्का खोटा का? आणि खाली लिहिलंय ‘गाठीच्या कडेला लिम्फोसाइट भरपूर, आत तुरळक’, हे चांगलं की वाईट? (सांगली)

उत्तर : शेवटून सुरुवात करते, कारण ती ओळ कुणी वाचत नाही आणि लिहिणाऱ्याने ती मान मोडून लिहिलेली असते.

तुमच्या बाबांची स्लाइड मी पाहिलेली नाही, पण तशा खूप पाहिल्यात. रंगवलेली काच मायक्रोस्कोपखाली ठेवली की कॅन्सरच्या पेशींचे पुंजके दिसतात, ओबडधोबड, मोठ्या केंद्रकांचे. पुंजक्यांच्या भोवती गुलाबी धाग्यांचं जाळं, आणि त्या जाळ्यात मोहरी सांडल्यासारखे गडद निळे ठिपके. हे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, आणि त्यातल्या बऱ्याच टी-सेल्स असतात, ज्यांच्यातल्या काहींचं कामच मुळी कॅन्सरची पेशी ओळखून मारणं. आता पुष्कळ स्लाइडमध्ये काय होतं, हे ठिपके शेकड्यांनी कडेला जमलेले आणि आत पुंजक्यात शोधून शोधून चार-दोन. रेल्वेचं फाटक पडल्यावर मोटारसायकली कशा दांड्याला टेकून उभ्या असतात, इंजिनं चालू, हॉर्न चालू, आणि कोणी पुढे जात नाही, अगदी तसं. म्हणजे तुमच्या बाबांची प्रतिकारशक्ती झोपलेली नाही, ती दारापर्यंत आलीय. आत शिरता येत नाहीये. हे ‘अजिबात ठिपके नाहीत’ यापेक्षा बरं, आणि ‘आत भरपूर ठिपके’ यापेक्षा कमी बरं, एवढंच त्या ओळीचं माप.

फाटक पाडतं कोण? एक मोठा हात फायब्रोब्लास्टचा. हे शरीरातले गवंडी, कुठे कापलं-खरचटलं की येतात, कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांचा गिलावा करतात, काम झालं की निघून जातात. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने एक लेख लिहिला होता, त्याचं म्हणणं ट्यूमर म्हणजे कधीच न भरणारी जखम. मला ते अजून पटतं. गाठीच्या शेजारी या गवंड्यांना काम थांबवा असं सांगणारं कोणी नसतं, ते गिलावा करतच राहतात, वर टीजीएफ-बीटा नावाचं रसायन सोडतात ज्याने टी-सेल्स आणखी मंदावतात. पॅरिसच्या संशोधकांनी २०१२ मध्ये फार सुंदर प्रयोग केला होता, ऑपरेशनमध्ये काढलेल्या माणसांच्या फुफ्फुसाच्या ट्यूमरचे पातळ काप जिवंत ठेवले आणि टी-सेल्स कशा फिरतात ते मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष पाहिलं. जिथे कोलॅजन सैल तिथे त्या झपाझप चालत होत्या, जिथे दाट, म्हणजे नेमकं पुंजक्यांच्या भोवती, तिथे अडखळत होत्या, आणि कोलॅजन विरघळवणारं एन्झाइम टाकल्यावर कॅन्सरच्या पेशींपर्यंत जास्त पोचायला लागल्या.

मग तुम्ही म्हणाल की गवंडीच हाकलून द्या. तेही करून झालंय, उंदरांच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये, २०१४ मध्ये, फायब्रोब्लास्ट काढून टाकले तर ट्यूमर उलट जास्त उग्र झाला. म्हणजे तो गिलावा काही अंशी गाठीलाही कोंडून ठेवत होता. शेजारी सरसकट वाईट नसतात हो.

दुसरे शेजारी म्हणजे रेग्युलेटरी टी-सेल्स. यांचं काम बाकीच्या टी-सेल्सना आवरणं, नाहीतर आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर आणि थायरॉइडवर तुटून पडेल. जपानच्या शिमॉन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या आणि २०२५ चं नोबेल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर मिळालं ते यासाठीच. फुफ्फुसाच्या गाठीत या आवरणाऱ्या पेशी नको तेवढ्या गोळा होतात. तिसरे शेजारी मॅक्रोफेज, त्यांच्याबद्दल खाली कोल्हापूरच्या मुलीला सांगितलंय ते वाचा.

आता तुमचा टक्का. टी-सेलवर पीडी-वन नावाचा एक ब्रेक असतो, जपानमध्येच तासुकू होंजो यांच्या लॅबला १९९२ मध्ये सापडलेला. समोरच्या पेशीवर पीडी-एल-वन असलं की ते त्या ब्रेकवर पाय देतं. आम्ही काय करतो, त्या पीडी-एल-वनला तपकिरी रंग चढेल अशी तपासणी लावतो आणि कॅन्सरच्या शंभर पेशींपैकी किती जणींच्या कडेला तपकिरी रेघ आली ते मोजतो. ६० टक्के म्हणजे एवढंच. आता ही रेघ का येते, तर कधी टी-सेल्स आत शिरून इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडत असतात म्हणून कॅन्सरच्या पेशी घाबरून ती ढाल वर काढतात, आणि अशा वेळी ब्रेक काढणारं औषध, म्हणजेच तुमची इम्युनोथेरपी, दिलं की काम होतं. पण कधी कधी टी-सेल्सचा पत्ताच नसतो, पेशीच्या स्वतःच्या बिघडलेल्या जीन्समुळेच ढाल वर असते, मग ब्रेक काढून काय उपयोग, गाडीच जागेवर नाही. रिपोर्टात दोन्हीकडे आकडा ६०च येणार. शिवाय सुईने काढलेला तुकडा केवढा, तर शेवईएवढा, गाठ लिंबाएवढी, दुसऱ्या कोपऱ्यात सुई घातली असती तर वेगळा आकडा येऊ शकला असता.

म्हणून टक्का खोटा नाही, अपुरा आहे. ज्या ट्रायलनंतर हे औषध अगदी सुरुवातीलाच, केमोच्या ऐवजी द्यायची पद्धत पडली, २०१६ ची, त्यात फक्त ५० टक्के किंवा जास्त असलेले ३०५ पेशंट घेतले होते. हे औषध, म्हणजे पेंब्रोलिझुमॅब, घेतलेल्या शंभरातल्या साधारण ४५ जणांची गाठ ठळक लहान झाली, नुसती केमो घेतलेल्यांत २८. पाच वर्षांनी जिवंत होते शंभरात ३२ विरुद्ध १६. म्हणजे दुप्पट, चौथ्या स्टेजला ही फार मोठी गोष्ट आहे, पण निवडून घेतलेल्या पेशंटमध्येही निम्म्याहून जास्त जणांची गाठ तशी लहान झाली नाही हेही त्याच कागदावर आहे. मेहुण्यांच्या ओळखीतले ते गृहस्थ या निम्म्यात असतील. बाबा कुठल्या निम्म्यात ते पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या स्कॅननंतर कळेल, आज कोणी छातीठोक सांगत असेल तर मला त्या माणसाचं कौतुक वाटत नाही. विड्यांचं म्हणाल तर इथे एक विचित्र गोष्ट आहे, धुराने पेशींच्या डीएनएत इतके बिघाड केलेले असतात की टी-सेल्सना त्या पेशी परक्या म्हणून ओळखायला सोप्या जातात, म्हणून ओढणाऱ्यांमध्ये हे औषध सरासरीने जास्त लागतं. हे वाचून बाबांनी लगेच बंडल मागवू नये.

प्रश्न : मॅडम, आईने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, लग्नानंतर वीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. तिला ईजीएफआर पॉझिटिव्ह कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणाले इम्युनोथेरपी नको, रोजची गोळी घ्या. आम्ही पैशाची तयारी केली होती. आईची प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून नको म्हणाले का? (नाशिक)

उत्तर : नाही, अजिबात नाही. डॉक्टरांनी योग्यच सांगितलंय.

आपल्याकडे या प्रकारच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे अॅडेनोकार्सिनोमात, साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या पेशंटमध्ये ईजीएफआरचा, म्हणजे पेशीला वाढायला सांगणाऱ्या एका जीनचा, बिघाड सापडतो, आणि त्यात विडी-सिगारेट न ओढलेल्या बायका बऱ्याच. या गाठींचा शेजार वेगळा असतो. डीएनएतले बिघाड थोडे, त्यामुळे टी-सेल्सना वेगळं असं दिसतच नाही काही, मारणाऱ्या टी-सेल्स आत कमी, आवरणाऱ्या जास्त. सांगलीच्या बाबांच्या गाठीपाशी फाटकावर गर्दी तरी आहे, इथे रस्ताच सामसूम. तिथे ब्रेक काढणारं औषध ओतून काही हाती लागत नाही. गोळी मात्र थेट त्या बिघडलेल्या ईजीएफआरवर बसते, शेजाराची परवानगी लागत नाही तिला.

यातली एक गोष्ट मी दर वेळी ओरडून सांगते. जीन्सचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि घरच्यांना तेवढा धीर नसतो, पीडी-एल-वनचा आकडा आधी येतो, तो मोठा दिसला की ‘सुरू करून टाका’. मग मागून ईजीएफआर पॉझिटिव्ह येतो आणि गोळी सुरू करायची वेळ येते, आणि इम्युनोथेरपीनंतर लगोलग ऑसिमर्टिनिबसारखी गोळी दिली तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो, हे नोंदलेलं आहे. तब्येत अगदीच ढासळत नसेल तर रिपोर्टची वाट बघण्यात शहाणपण आहे. तुमच्या डॉक्टरांनी वाट बघितली, त्यांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे, मायक्रोबायॉलॉजी. आमच्या पुस्तकात मॅक्रोफेज म्हणजे जंतू खाणाऱ्या भक्षक पेशी असं आहे आणि लेक्चरला सर म्हणाले ट्यूमरमध्ये त्या कॅन्सरला मदत करतात. दोन्ही कसं खरं? (कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही खरं आहे आणि परीक्षेत पुस्तकातलंच लिही.

मेचनिकॉफ नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये सिसिलीत तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला आणि सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या, तिथून भक्षक पेशींची गोष्ट सुरू होते. पण त्या पेशींची कामं दोन आहेत बघ. आधी शत्रू खायचा, मग पडझड साफ करून दुरुस्ती करायची. दुरुस्तीच्या मूडमध्ये गेलेली मॅक्रोफेज नवीन रक्तवाहिन्या बोलावते, फायब्रोब्लास्टला हाक मारते आणि भांडण मिटवायला टी-सेल्सना गप्प करते. जखमेला हेच हवं असतं. गाठ तिला सतत खोटं सांगत राहते की जखम अजून भरलेली नाही, आणि ती इमानेइतबारे दुरुस्ती करत बसते. फितूर वगैरे काही नाही, कामसू आहे बिचारी. पूर्वी एम-वन म्हणजे चांगली आणि एम-टू म्हणजे वाईट असे दोन कप्पे शिकवायचे, तुमच्या सरांनीही काढले असतील फळ्यावर, प्रत्यक्षात मधल्या शंभर छटा असतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये २०२१ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की फुफ्फुसात जन्मापासून मुक्काम असलेल्या मॅक्रोफेज अगदी सुरुवातीलाच गाठीजवळ जमतात आणि आवरणाऱ्या टी-सेल्स वाढवून तिला सांभाळून घेतात. बाहेरून रक्तातून येणाऱ्या नंतर येतात.

आणि काचेवर फुफ्फुसातली मॅक्रोफेज कशी दिसते माहितीये का? पोटात काळे कण भरलेली. शहरात राहिलेल्या किंवा चुलीपुढे बसलेल्या माणसाच्या फुफ्फुसात या काजळी खाल्लेल्या पेशींचे काळे ठिपके सर्रास दिसतात, नाशिकच्या त्या आईंच्या स्लाइडवरही असतील बहुतेक. आम्ही वर्षानुवर्षं ‘काळे कण आहेत’ असं एका शब्दात लिहून पुढे जायचो, जणू भिंतीवरची धूळ. मग लंडनच्या क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वॉन्टनच्या गटाचं काम २०२३ मध्ये छापून आलं. त्यांनी कॅन्सर नसलेल्या फुफ्फुसाच्या तुकड्यांत शोधलं तर १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचा आणि ५३ टक्के नमुन्यांत केआरएएस या तशाच दुसऱ्या जीनचा बिघाड आधीच होता. म्हणजे वयानुसार असे बिघाड होतच असतात आणि त्या पेशी निवांत पडून असतात. उंदरांना हवेतले बारीक कण, पीएम २.५, हुंगवले तेव्हा मॅक्रोफेज धावत आल्या, इंटरल्युकिन-वन-बीटा हे सूज आणणारं रसायन सोडलं, आणि त्याने त्या निवांत बिघडलेल्या पेशी जाग्या होऊन वाढायला लागल्या. या कणांनी नवा बिघाड केला नाही, शेजाऱ्याला चिडवलं. इंटरल्युकिन अडवलं तर उंदरांत गाठी कमी झाल्या.

आता लगेच उडी मारू नकोस. हे इंटरल्युकिन अडवणारं कॅनाकिनुमॅब हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजार लोकांच्या ट्रायलमध्ये दिलं होतं, २०१७ चा निकाल, त्यात फुफ्फुसाचा कॅन्सर खरंच कमी झाला. सगळे खूश. मग झालेल्या कॅन्सरवर तेच औषध देऊन पाहिलं, एकापाठोपाठ एक ट्रायल पडल्या. शेजारी भडकल्यावर आग लागते, पण आग लागून गेल्यावर शेजाऱ्याची समजूत काढून ती विझत नाही, असं मी तरी समजते. याच्यावर प्रोजेक्ट करायचा असेल तर सरांना विचार, विषय छान आहे.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी काकांना गुळवेल, आवळा आणि हळदीचा काढा सुरू केलाय, सोबत इम्युनोथेरपी चालू आहे. चालेल ना? आणि डोस परवडत नाही, कमी डोस चालतो म्हणतात ते खरं का? (परभणी)

उत्तर : जेवणातली हळद आणि आवळा खा खुशाल, काढा बंद करा आणि घेत होतो हे डॉक्टरांना सांगा. कोविडच्या दिवसांत मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले पेशंट छापून नोंदवलेत, आणि इम्युनोथेरपीनेही लिव्हर सुजू शकतं, मग दोष कोणाचा ते शोधत बसावं लागतं आणि औषध मध्येच थांबतं. वरचं वाचलंत तर लक्षात येईल, अडचण शक्ती कमी असण्याची नाहीच, फाटकाची आहे. दुसरं म्हणजे दमा-खोकल्यासाठी कोणी परस्पर स्टेरॉइडच्या गोळ्या देत असेल तर तेही सांगा, इम्युनोथेरपी सुरू करताना स्टेरॉइड चालू असलेल्यांमध्ये परिणाम कमी दिसलाय. पण मेंदूच्या सुजेसाठी किंवा साइड इफेक्टसाठी डॉक्टरांनीच दिलं असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते जास्त वाईट.

कमी डोसचं अर्धं खरं आहे. परळच्या टाटा मेमोरियलने निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन मोठी ट्रायल केली, जिथे नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० असतो, आणि तोंडातून घ्यायच्या स्वस्त औषधांबरोबर ते दिल्यावर एक वर्ष जगणारे शंभरात १६ वरून ४३ झाले. २०२२ मध्ये छापून आलंय. पण ती ट्रायल तोंड-घशाच्या कॅन्सरची होती, फुफ्फुसाची नाही. काकांच्या डॉक्टरांना याच शब्दांत विचारा, खर्चाचं बोलायला लाजू नका.

प्रश्न : मला १९९८ ला टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला. आता त्याच बाजूच्या फुफ्फुसात कॅन्सर. टीबीचा आणि इम्युनोथेरपीचा काही संबंध? (सोलापूर)

उत्तर : आहे, आणि विचारलंत ते बरं केलं, कारण फॉर्म भरताना लोक ‘जुनं आहे’ म्हणून लिहीतच नाहीत.

टीबीचे जंतू कोर्सनंतरही काही जणांत गाठोड्यात बांधून ठेवल्यासारखे राहू शकतात. ते गाठोडं बांधतं कोण, तर हेच सगळे, मॅक्रोफेज, टी-सेल्स, फायब्रोब्लास्ट. साधा विचार केला तर वाटतं की ब्रेक काढला की टी-सेल्स जोरात येतील आणि टीबीही मारतील. उलट होतं. पीडी-वन नसलेल्या उंदरांना टीबी दिला तर ते साध्या उंदरांपेक्षा लवकर मेले, बेफाम टी-सेल्सनी फुफ्फुसच पोखरलं. माणसांतही हे औषध सुरू केल्यावर टीबी उसळल्याच्या नोंदी आहेत. म्हणून औषध घेऊच नये असं नाही, पण सुरू करण्याआधी बेडका आणि स्कॅन नीट बघून घेतात, आणि मध्येच ताप, रात्री घाम, वजन उतरणं सुरू झालं तर ‘कॅन्सरचंच असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

याच्या उलटी चूक आपल्याकडे जास्त होते. माझ्या सख्ख्या मावशीच्या यजमानांना एक्स-रेवर डाग दिसला म्हणून बेडक्यात जंतू नसताना सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, दिली होती, एका तालुक्याच्या गावी, डाग वाढतच होता, बायोप्सी सातव्या महिन्यात झाली. ती स्लाइड माझ्याच टेबलावर आली होती. कडेला निळे ठिपके खच्चून होते.

प्रश्न : हॉस्पिटलने बायोप्सीचा ब्लॉक परत दिलाय, मेणाची चौकोनी वडी आहे प्लॅस्टिकच्या चौकटीत. याचं काय करू? फ्रीजमध्ये ठेवू का? (नागपूर)

उत्तर : फेकू नका फक्त! ईजीएफआर, पीडी-एल-वन, पुढेमागे एखादी नवी तपासणी निघाली तर ती, सगळं त्या वडीतूनच पापुद्रे काढून होतं, नाहीतर परत सुई टोचावी लागते. फ्रीजची गरज नाही, फ्रीजरमध्ये तर नकोच. झिपच्या पिशवीत घाला, वर नाव, तारीख, लॅबचा नंबर लिहा आणि रिपोर्टच्या फाइलबरोबर कपाटात ठेवा. एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात नुसती टाकू नका, तिथून घरंगळते. तुमच्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र चुकूनही ठेवू नका, मेण आहे ते.